हॅशटॅग लावूनही पोस्ट योग्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नसेल, तर काय तपासावे?

हॅशटॅगविषयीची, म्हणजे # चिन्ह लावून लिहिलेल्या विषयशब्दांविषयीची, जी तक्रार माझ्यापुढे वारंवार येते, ती बहुधा एकाच साच्यातली असते. पोस्टवर मेहनत घेतलेली असते, खाली हॅशटॅगांची रांग असते, आणि ज्यांच्यासाठी हे सगळे केले ते लोक मात्र तिकडे फिरकत नाहीत. अशी अनेक खाती तपासून मी जो क्रम ठरवला आहे, तो येथे देतो. सर्वांत सोप्या आणि विनाखर्च तपासण्या आधी आहेत, वेळखाऊ तपासण्या नंतर. क्रम मोडू नये, कारण पहिल्या दोन तपासण्यांतच सुटणाऱ्या दोषासाठी लोक महिनाभर नवे हॅशटॅग शोधत बसलेले मी पाहिले आहेत.

लक्षणे

- पोस्ट पाहणारे जवळजवळ सगळे आधीपासूनचे अनुयायी (फॉलोअर) असतात आणि नवीन माणूस येतच नाही. येथे हॅशटॅग मुळात चालतच नसण्याची शक्यता मोठी असते.
- पोस्ट टाकल्याबरोबर काही लाइक आणि एकाच छापाच्या प्रतिक्रिया येतात, त्यांत ‘आम्हाला मेसेज करा’ असा आग्रह असतो, आणि त्यानंतर सामसूम होते. मोठ्या हॅशटॅगांवर पाळत ठेवणारी स्वयंचलित खाती असे करतात.
- पाहणाऱ्यांचा आकडा वाढतो, परंतु पोस्ट जतन करणे, पुढे पाठवणे, प्रोफाइल उघडणे किंवा चौकशी करणे यांपैकी काहीच वाढत नाही. हे सर्वांत नेहमीचे लक्षण असून सर्वांत फसवेही आहे, कारण आकडा पाहून सगळे ठीक चालले आहे असे वाटते.
- पूर्वी उपयोगी पडणारे हॅशटॅग हळूहळू निकामी होतात.
- एका विशिष्ट दिवसापासून सगळ्याच पोस्ट एकदम खाली येतात. असे झाले असेल तर दोष हॅशटॅगांच्या निवडीत असण्याची शक्यता कमी असते. पहिली तपासणी नीट करावी आणि तिथेच उत्तर शोधावे.

हॅशटॅगच्या पानावर, म्हणजे हॅशटॅगवर बोट ठेवल्यावर उघडणाऱ्या पोस्टच्या यादीत, आपली पोस्ट दिसत नाही, हे लक्षण मी मुद्दाम यादीत घेतलेले नाही. ती पाने बहुतेक ठिकाणी निव्वळ काळानुक्रमे लावलेली नसतात आणि प्रत्येकाला सारखी दिसतीलच असेही नाही, त्यामुळे तेवढ्यावरून निदान करता येत नाही.

तपासणीपूर्वी एक गोष्ट

हॅशटॅगची कल्पना क्रिस मेसिना यांनी ऑगस्ट 2007 मध्ये ट्विटरवर मांडली, तेव्हा तिचा हेतू विखुरलेल्या संदेशांना विषयवार एकत्र आणणे एवढाच होता. आजही हॅशटॅगचे खरे काम वर्गीकरणाचेच आहे. ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या कण्यावर जसा वर्गांक असतो, तसा तो असतो: वर्गांकामुळे पुस्तक कोणी वाचत नाही, परंतु तो चुकला तर ते भलत्या कपाटात जाते आणि त्याचा वाचक तिथे कधी येतच नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीही जाहीरपणे सांगितले आहे की, हॅशटॅगांमुळे पोस्टची पोहोच फारशी वाढत नाही.

मग चुकीच्या हॅशटॅगने बिघडते काय? पोस्ट कोणाला दाखवायची हे ठरवणाऱ्या यंत्रणा पाहणाऱ्यांच्या वागण्यावर लक्ष ठेवतात. लोक किती वेळ थांबले, त्यांनी पोस्ट जतन केली का, पुढे पाठवली का, की ‘यात रस नाही’ असे नोंदवले, यांवरून पुढचा अंदाज बांधला जातो. हॅशटॅगमुळे पोस्ट ज्यांच्यापुढे गेली ते तिचे गिऱ्हाईकच नसतील तर ते तिच्यावरून पुढे सरकतात, आणि त्या सरकण्याची नोंद पोस्टच्या विरोधात जाते. म्हणून अयोग्य हॅशटॅगापेक्षा हॅशटॅग नसलेला परवडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली तपासणी: खाते सार्वजनिक आहे का आणि त्याची स्थिती काय आहे

खाते खाजगी असेल तर त्यावरील पोस्ट हॅशटॅगद्वारे बाहेरच्या कोणालाही दिसत नाहीत, मग निवड कितीही अचूक असो. खात्यातून बाहेर पडून किंवा ब्राउझरच्या खाजगी खिडकीत आपले प्रोफाइल उघडून पाहावे. फेसबुकवर प्रत्येक पोस्टची दृश्यता स्वतंत्र असते. त्यामुळे प्रोफाइल सर्वांना दिसत असूनही एखादी पोस्ट ‘फक्त मित्रांसाठी’ राहून गेलेली असते, आणि एकदा निवडलेला हा पर्याय पुढच्या पोस्टलाही लागू होत राहतो.

त्यानंतर सेटिंगमध्ये खात्याची स्थिती पाहावी. इन्स्टाग्रामवर ‘अकाउंट स्टेटस’ या पानावर, अनुयायी नसलेल्यांना आपल्या पोस्ट सुचवल्या जाऊ शकतात की नाही, हे स्पष्ट लिहिलेले असते. तिथे एखादी पोस्ट नियमभंगासाठी नोंदवलेली असेल तर ती काढून टाकण्याचा किंवा फेरविचाराची मागणी करण्याचा पर्यायही तिथेच मिळतो. आपोआप लाइक करणारे, अनुयायी वाढवून देणारे एखादे ॲप खात्याला जोडलेले असेल तर ते याच वेळी काढावे आणि पासवर्ड बदलावा. या पानावर अडथळा दिसत असेल तर पुढच्या सर्व तपासण्या तो दूर होईपर्यंत निरर्थक आहेत.

दुसरी तपासणी: हॅशटॅगचा दुवा झाला आहे का

प्रसिद्ध झालेल्या पोस्टमधील प्रत्येक हॅशटॅगवर स्वतः बोट ठेवून पाहावे. जो उघडत नाही तो हॅशटॅग नसून नुसता मजकूर आहे. मध्ये मोकळी जागा, संयोगचिन्ह, पूर्णविराम किंवा अवतरणचिन्ह आले की हॅशटॅग तिथेच तुटतो. जोडशब्द सुटा दाखवायचा असेल तर अधोरेषा वापरावी. आधीच्या अक्षराला चिकटून लिहिलेले # चिन्ह अनेक ठिकाणी ओळखले जात नाही. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) केवळ अंकांचा हॅशटॅग बनत नाही, म्हणून नुसते वर्ष लिहून उपयोग नसतो.

मराठीत लिहिणाऱ्यांचा एक दोष मला जवळजवळ प्रत्येक खात्यात सापडतो. आपल्या भाषेत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून लिहितात, आणि हॅशटॅग वाक्यात गुंफला की प्रत्ययही त्याचाच भाग होतो. ‘#जलरंगांची जादू’ असे लिहिले की पोस्ट #जलरंग या पानावर न जाता #जलरंगांची या पानावर जाते, आणि तिथे आपल्याशिवाय कोणी नसते. ‘#सायकलदुरुस्तीसाठी’, ‘#पक्षीनिरीक्षणाचे’ हे असेच अनाथ हॅशटॅग. प्रत्यय तोडून वेगळा लिहिला तर मराठी बिघडते. त्यामुळे सरळ उपाय असा की, वाक्य नीट मराठीत लिहावे आणि हॅशटॅग मूळ रूपात वाक्यांनंतर द्यावेत.

संख्येचाही विचार येथेच करावा. यूट्यूबवर एका व्हिडिओला 60 हून अधिक हॅशटॅग लावले तर त्यांतील सगळेच दुर्लक्षिले जातात. इन्स्टाग्रामने अनेक वर्षे एका पोस्टला 30 हॅशटॅगांची मुभा ठेवली होती, परंतु 2021 मध्ये त्याच्याच निर्मात्यांसाठीच्या अधिकृत खात्यावरून 3 ते 5 हॅशटॅग वापरण्याची शिफारस करण्यात आली. थ्रेड्सवर एका पोस्टला एकच विषय जोडता येतो. मर्यादा बदलत राहतात, म्हणून कमाल आकडा गाठण्याचा नाद सोडून चार-पाच नेमक्या हॅशटॅगांची सवय लावून घेणे शहाणपणाचे ठरते.

तिसरी तपासणी: दिसायला एक, आतून दोन

ही तपासणी देवनागरी हॅशटॅग वापरणाऱ्यांसाठी आहे. इतरांनी ती सोडून द्यावी.

‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकित होते. एक प्रकार म्हणजे संगणकावरील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाच्या 5.1 आवृत्तीत 2008 मध्ये आलेले स्वतंत्र अक्षर, आणि दुसरा म्हणजे ‘अ’ ला वरून चंद्र जोडून केलेले रूप. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकासाठी ती वेगळी अक्षरमालिका आहे. ‘ऍ’ हे हिंदी धाटणीचे रूप धरले तर तिसराही प्रकार होतो. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतील अर्धा ‘र’ही असाच दोन मार्गांनी लिहिला जातो, आणि त्यांतील एका मार्गात एक अदृश्य जोडचिन्ह दडलेले असते. कीबोर्ड बदलला की हॅशटॅग बदलतो आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे हॅशटॅग टंकित करताना खाली येणाऱ्या सूचनांच्या यादीतून तो निवडणे. आपण लिहिलेला शब्द यादीत येतच नसेल, किंवा त्याच्यापुढे अगदी नगण्य संख्या दिसत असेल, तर त्या हॅशटॅगच्या गजबजलेल्या पानावरून तो थेट उचलून आपल्या पोस्टमध्ये चिकटवावा आणि दोहोंची तुलना करावी.

चौथी तपासणी: त्या पानावर कोण राहते

खरा दोष बहुतेक वेळा येथे सापडतो, म्हणून घाई करू नये. प्रत्येक हॅशटॅगचे पान उघडावे, तेथील पंधरा-वीस पोस्ट पाहाव्यात आणि एकच प्रश्न विचारावा: माझी पोस्ट यांच्या शेजारी ठेवली तर ती त्यांच्यातलीच वाटेल का? हॅशटॅगचा शब्दकोशातला अर्थ येथे कामाचा नाही. लोक तो प्रत्यक्षात कशासाठी वापरतात, तोच त्याचा अर्थ.

साधा शब्दही फसवतो. ‘माती’ हा हॅशटॅग कुंभारकाम करणाऱ्याला आपला वाटतो, पण ते पान शेतीच्या, कुस्तीच्या किंवा कवितांच्या पोस्टने भरलेले असू शकते. ‘रंग’, ‘धागा’, ‘सूर’, ‘प्रवास’ यांचेही तेच. शब्द जितका काव्यात्म तितके त्याचे दावेदार अधिक. त्याऐवजी ‘#मातीचीभांडी’ किंवा ‘#कुंभारकाम’ असा हॅशटॅग लावला तर पान लहान असेल, पण तिथे आलेला माणूस भांडे पाहायलाच आलेला असेल.

गाजत असलेल्या हॅशटॅगच्या बाबतीत तर पान न पाहणे धोक्याचे आहे. सप्टेंबर 2014 मध्ये ट्विटरवर ‘व्हाय आय स्टेड’ (मी का राहिले) या हॅशटॅगखाली स्त्रिया घरगुती हिंसाचाराचे स्वतःचे अनुभव लिहीत होत्या. अमेरिकेतील डिजॉर्नो या पिझ्झाच्या ब्रँडने तो संदर्भ न पाहता त्यात आपल्या पिझ्झाचा विनोद घुसवला आणि नंतर त्यांना जाहीर माफी मागत बसावे लागले. दुसरा धोका जोडून लिहिलेल्या शब्दांचा आहे. एप्रिल 2013 मध्ये ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या निधनानंतर ‘नाउ थॅचर्स डेड’ (आता थॅचर गेल्या) हे शब्द रोमन लिपीत सलग लिहिलेला हॅशटॅग फिरू लागला, आणि तो ‘नाउ दॅट शेर्स डेड’ (आता शेर गेल्या) असा वाचून गायिका शेर यांच्याच चाहत्यांनी शोक सुरू केला. स्वतःचा नवा हॅशटॅग घडवताना तो एखाद्या अनोळखी माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. रोमन लिपीत प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे ठेवावे. त्याने गैरसमज टळतो आणि दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरलाही शब्द वेगळे वाचता येतात.

काही हॅशटॅगांचे पान उघडल्यावर रिकामे किंवा अर्धवट दिसते आणि नियमभंगामुळे पोस्ट लपवल्याची सूचना येते. शब्द निरुपद्रवी असला तरी इतरांनी त्याचा गैरवापर केल्यामुळे असे घडते, आणि कधी ही बंदी तात्पुरतीही असते. असा हॅशटॅग त्या दिवशी वगळावा. तो का बंद झाला याचा शोध घेण्यात वेळ घालवू नये.

पाचवी तपासणी: हॅशटॅगची भाषा आणि पोस्टची भाषा

मजकूर मराठी, बोलणे मराठी, आणि खाली जगभर वापरले जाणारे इंग्रजी हॅशटॅग, असे मिश्रण मला इतक्यांदा दिसते की, आता मी तपासणी करताना सर्वांत आधी मनात हाच संशय धरतो. अशा हॅशटॅगने पोस्ट ज्यांच्यापुढे जाते, त्यांतील बहुतेकांना मराठी कळत नाही. चित्र पाहून ते क्षणभर थांबतील, परंतु मजकूर वाचणार नाहीत, जतन करणार नाहीत आणि अनुयायी तर होणारच नाहीत. पाहणारे वाढूनही काहीच हालत नाही, या लक्षणाचे हे नेहमीचे कारण आहे.

याचा अर्थ इंग्रजी हॅशटॅग वर्ज्य करावेत असा नाही. पोस्ट शब्दांवाचून समजत असेल, म्हणजे नुसते चित्र, हस्तकला किंवा वादन असेल, तर भाषेची अडचण राहत नाही. पोस्ट समजायला मराठी यावीच लागत असेल, तर निदान निम्मे हॅशटॅग मराठी वाचकाला खेचणारे असावेत. यातही एक बारकावा आहे: बरेच मराठी वाचक शोध घेताना रोमन अक्षरांत मराठी टंकित करतात. देवनागरीतला हॅशटॅग आणि तोच रोमन लिपीतला हॅशटॅग ही दोन वेगळी पाने असतात, म्हणून आपला वाचक कोणत्या पानावर अधिक असतो हे पाहून त्या हॅशटॅगला जागा द्यावी.

शब्दाची निवडही वाचकाच्या बाजूने करावी. लिहिणाऱ्याला ‘प्रकाशचित्रण’ आवडते, पण शोधणारा ‘फोटोग्राफी’ लिहितो. शुद्धतेचा आग्रह मजकुरात जरूर धरावा. हॅशटॅगमध्ये मात्र शोधणाऱ्याच्या ओठांवरचा शब्द हवा.

सहावी तपासणी: पानाचा आकार

फार मोठ्या पानावर आपली पोस्ट क्षणात खाली जाते, आणि वरच्या पोस्ट अवाढव्य खात्यांच्या असतात. अगदी रिकाम्या पानावर कोणी येतच नाही. ठरावीक आकड्याचा नियम सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण विषयागणिक आकडे बदलतात. त्याऐवजी वर दिसणाऱ्या पोस्टपैकी काही आपल्या एवढ्याच खात्यांच्या आहेत का आणि ताज्या पोस्ट अलीकडच्या आठवड्यातल्या आहेत का, हे दोन्ही पाहावे. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर पान वापरण्याजोगे आहे.

सातवी तपासणी: तोच गठ्ठा पुन्हा पुन्हा

हा दोष एकदा दुरुस्त करूनही परत का येतो, याचे कारण बहुधा फोनमधल्या टिपणवहीत जपून ठेवलेली हॅशटॅगांची यादी असते. पोस्ट कशाचीही असो, तीच यादी चिकटवली जाते. निसर्गचित्राला आणि व्यक्तिचित्राला एकच वर्गीकरण मिळाले की दोन्हींचा प्रेक्षक चुकतो, आणि त्याच त्या मजकुराच्या पुनरावृत्तीमुळे पोस्ट यांत्रिक वाटू लागते ती वेगळीच. यादी ठेवायची असेल तर विषयवार ठेवावी आणि प्रत्येक पोस्टसाठी तिच्यातून नव्याने निवड करावी. नवशिक्यांना जलरंगात आकाश रंगवायला शिकवणारा व्हिडिओ असेल तर एक हॅशटॅग माध्यमाचा, एक आकाश रंगवण्याच्या तंत्राचा, एक नवशिक्यांचा आणि एक मराठी चित्रकारांच्या वर्तुळाचा, एवढे पुरते. ‘फॉलोच्या बदल्यात फॉलो’ या जातीचे हॅशटॅग यादीतून कायमचे पुसून टाकावेत. त्यांनी येणाऱ्या माणसाला तुमच्या विषयाशी काहीही देणेघेणे नसते.

आठवी तपासणी: मोजून पाहणे

येथून पुढे वेळ लागतो. इन्स्टाग्रामवर खाते व्यावसायिक प्रकारचे असेल तर ‘इनसाइट्स’ या आकडेवारीच्या पानावर पाहणाऱ्यांत अनुयायी नसलेल्यांचे प्रमाण दिसते. एकाच प्रकारच्या आठ-दहा पोस्ट घ्याव्यात, निम्म्यांना जुने आणि निम्म्यांना नवे हॅशटॅग आलटून पालटून लावावेत, आणि वेळ, लांबी, धाटणी शक्य तितकी सारखी ठेवावी. तुलना करताना एकूण पाहणाऱ्यांपेक्षा अनुयायी नसलेल्यांचा वाटा, जतन झालेल्या पोस्ट आणि प्रोफाइलला दिलेल्या भेटी यांकडे पाहावे. एखादी पोस्ट योगायोगाने खूप चालली तर ती बाजूला ठेवूनच निष्कर्ष काढावा, अन्यथा तिच्यासोबत असलेल्या हॅशटॅगला नसलेले श्रेय मिळते.

नववी तपासणी: हॅशटॅग सोडून बाकीचे

वरचे सारे ठीक असूनही प्रेक्षक येत नसेल तर हॅशटॅगांची छेडछाड थांबवावी. इन्स्टाग्रामने नोव्हेंबर 2020 मध्ये काही इंग्रजीभाषक देशांत साध्या शब्दांवरून शोध घेण्याची सोय सुरू केली, आणि तेव्हापासून शोधाचा कल हॅशटॅगकडून मजकुरातील शब्दांकडे सरकत आला आहे. जून 2025 मध्ये एक्सने तर जाहिरातींत हॅशटॅग वापरण्यावर बंदीच घातली. म्हणून विषयाचे नाव पहिल्या ओळीत, व्हिडिओवरील अक्षरांत आणि प्रोफाइलच्या परिचयात सरळ शब्दांत लिहिलेले आहे का, हे पाहावे. ‘आजचा प्रयत्न’ एवढ्याच मजकुराखाली पाच अचूक हॅशटॅग लावले तरी पोस्ट कशाबद्दल आहे हे ना माणसाला कळते ना यंत्रणेला.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

खात्यावर निर्बंध आला असेल आणि फेरविचाराची मागणी एकदा केलेली असेल, तर नवी खाती काढून किंवा तीच पोस्ट पुन्हा पुन्हा टाकून प्रश्न चिघळवू नये. अधिकृत मदत केंद्राच्या उत्तराची वाट पाहावी. पैसे घेऊन ‘शॅडोबॅन (न कळवता पोस्ट दडवण्याचा निर्बंध) काढून देतो’ म्हणणाऱ्यांना दारात उभे करू नये, कारण मंचाच्या आतले निर्णय बाहेरचा कोणी बदलू शकत नाही आणि अशा माणसाच्या हाती पासवर्ड गेला की खातेही जाते. आपण न टाकलेल्या पोस्ट किंवा अनोळखी ठिकाणचे लॉगिन दिसले तर हॅशटॅगांचा विचार बाजूला ठेवून आधी खाते सुरक्षित करावे. निवडलेला हॅशटॅग दुसऱ्या कोणाच्या नोंदणीकृत नावाशी जुळत असून त्याबद्दल नोटीस आली, तर तो विषय वकिलाचा आहे.

सशुल्क जाहिरातींवर खर्च सुरू झाला असेल, किंवा आठवी आणि नववी तपासणी पूर्ण करूनही दोन महिन्यांत अनुयायी नसलेल्यांचा वाटा हललेला नसेल, तर डिजिटल मार्केटिंगच्या जाणकाराला बोलवण्याची वेळ आली असे समजावे. त्याच्याकडे जाताना वापरलेल्या हॅशटॅगांची नोंद आणि इनसाइट्सची चित्रे सोबत न्यावीत, म्हणजे पहिल्याच बैठकीत तो मुद्द्यावर येऊ शकेल. अनुयायांच्या संख्येची हमी देणारा माणूस टाळावा. काम कोणालाही दिले तरी पासवर्ड देऊ नये: फेसबुक पेज आणि इन्स्टाग्रामसाठी मेटा बिझनेस सूटमधून, तर यूट्यूबसाठी स्टुडिओच्या परवानग्यांमधून मर्यादित अधिकार देता येतात आणि काम संपल्यावर ते काढूनही घेता येतात.